पिस्तूल हलके, नेम जड

शस्त्र जितके लहान तितके ते चालविण्यास सोपे, असा एक समज आपल्याकडे चांगलाच रुजलेला आहे. रायफल म्हटली की ती सैनिकाची. तिला शिक्षण लागते, खांद्यात बळ लागते. पिस्तुलाचे मात्र काय, कमरेचे काढावे आणि रोखावे! चित्रपटांनी हा समज वाढविला हे खरे. पण तो प्रेक्षकांपुरताच राहिला असता तर त्यावर दैनिकाचे रकाने खर्च करण्याचे कारण नव्हते. ज्यांच्या हाती प्रत्यक्ष पिस्तूल द्यावयाचे, त्यांच्या शिक्षणाची तजवीज करणारेही पुष्कळदा याच समजाखाली वावरत असावेत, अशी शंका घेण्यास जागा आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. हाती धरून चालवावयाच्या बंदुकांत पिस्तुलाने नेम साधणे सर्वांत अवघड, आणि पिस्तूल जसजसे आखूड व हलके होत जाते तसतशी ही अवघडता वाढतच जाते.

भंडारा, लाखनी, साकोली या गावांच्या बाजूने जाणाऱ्या महामार्गालगत पहाटे फिरावयास निघालेल्या कोणालाही धावणारी मुले-मुली दिसतात. पोलीस भरतीची ती तयारी असते. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, मग 100 मीटरची दौड आणि गोळाफेक. या परीक्षेत गोळा आहे, गोळी नाही. गोळीशी गाठ पडते ती निवड झाल्यानंतर. त्यांतील काहीजण पुढे अधिकारी होतात, काही कोणाचे अंगरक्षक होतात आणि त्यांच्या कमरेला पिस्तूल येते. उद्या तुमसरच्या किंवा पवनीच्या आठवडी बाजारात ते काढण्याचा प्रसंग आलाच, तर लक्ष्याला न लागलेली गोळी हवेत विरघळून जात नाही. ती कोणत्यातरी भाजीच्या टोपलीपाशी, कोणत्यातरी सायकलस्वारापाशी थांबते. म्हणून लहान पिस्तुलाचा नेम कशाने सोपा होतो, हा प्रश्न केवळ हौशी नेमबाजांचा नाही.

मराठी माणसाच्या स्मृतीत पिस्तूल शिरले ते नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहातून. 21 डिसेंबर 1909 रोजी ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. लंडनहून सावरकरांनी धाडलेल्या पिस्तुलांचा इतिहास शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. त्या धाडसाची मीमांसा येथे करावयाची नाही. लक्षात घ्यावयाचे ते अंतर. ते अवघ्या काही पावलांचे होते. तेवढ्या अंतरावर नेम धरावा लागत नाही. हात लांब केला की पुरते. आपल्या मनातील पिस्तुलाचे चित्र अशा हातभर अंतरावरच्या प्रसंगांतून बनलेले आहे. याच्या शेजारी 27 फेब्रुवारी 1931 चा अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमधील प्रसंग ठेवून पाहावा. चंद्रशेखर आझाद यांच्या हातातही लहानसे कोल्ट पिस्तूलच होते. पण ते झाडाच्या आडोशाने, अंतरावरून, अनेकांशी एकटे झुंजले आणि नॉट-बॉवर या पोलीस अधिकाऱ्याला त्यांनी जखमी केले. आझादांनी ओरछाच्या रानात नेमबाजीचा सराव केला होता, हे त्यांच्या चरित्रांतून वाचावयास मिळते. हातभर अंतर आणि बागेतले अंतर यांमधला फरक त्या सरावाने भरून काढला.

आता अवघडपणा कोठे आहे ते पाहू. पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो, तिला आपल्याकडे माशी म्हणतात. मागे डोळ्याच्या बाजूस एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी दिसली आणि दोन्हींचे माथे एका पातळीत आले की नेम धरला गेला. माशी व खाच यांमधील अंतर जितके अधिक तितकी चूक कमी. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला समरूप त्रिकोणांनी हे सहज पटवून देता येईल, आणि गणिताच्या शिक्षकांनी ते उदाहरण जरूर घ्यावे. मध्यम आकाराच्या पिस्तुलात हे अंतर 15 सेंटिमीटरच्या आसपास असते. माशी एक मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या निम्म्या जाडीइतकी, बाजूला सरकली तर 15 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर भलतीकडे जाते. खिशात मावणाऱ्या पिस्तुलात हेच अंतर 10 सेंटिमीटरवर आले, तर चूक 15 सेंटिमीटर होते. रायफलीत ते सुमारे अर्धा मीटर धरले तर चूक अवघी 3 सेंटिमीटर. शिवाय रायफलीला खांद्याचा टेका असतो, पिस्तुलाला हवेचा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आखूड नळी मुळातच वाकडी गोळी फेकते, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. चांगल्या बनावटीचे लहान पिस्तूल लोखंडी शिकंज्यात आवळून झाडले, तर गोळ्या जवळजवळ एकाच जागी पडतात. विशेषतः 7.65 मिलिमीटरच्या जुन्या लहान पिस्तुलांत नळी सांगाड्याला पक्की बसविलेली असे, तिला हलण्यास वावच नसे. म्हणजे यंत्र नेमके असते. त्याची नेमकता माणसाच्या हातापर्यंत पोहोचत नाही, एवढेच. मग लहान पिस्तूल सोपे करावयाचे म्हणजे ही गळती कोठे होते ते शोधून ती बुजवावयाची. जुन्या खिशातल्या पिस्तुलांच्या माश्या इतक्या बारीक असत की अंधुक उजेडात त्या दिसतच नसत. खिशाच्या कापडात अडकू नयेत म्हणून कारखानदारांनी त्या मुद्दामच खुजा ठेवल्या होत्या. आता ठसठशीत माश्या, त्यांवर पांढरे ठिपके, इतकेच काय तर भिंगात तांबडा प्रकाशबिंदू दाखविणारी उपकरणेही निघाली आहेत. चाळिशी ओलांडलेल्या, म्हणजे हातभर अंतरावरची अक्षरे पुसट दिसू लागलेल्या फौजदाराला हा तांबडा बिंदू वरदानच आहे, कारण जुन्या पद्धतीत नजर लक्ष्यावर नव्हे तर माशीवर रोखावी लागते आणि तीच त्याला दिसेनाशी झालेली असते. शाळा-कचेरीतल्या चष्मेवाल्या वाचकांना ही व्यथा अधिक समजावून सांगावयास नको.

परंतु सर्वांत मोठी गळती चापापाशी आहे. (आपल्याकडे ‘घोडा’ हा शब्द बोटाने ओढावयाच्या चापालाही वापरतात आणि काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीलाही, त्यामुळे बातम्यांतून पुष्कळ गोंधळ होतो. येथे ‘चाप’ म्हणजे बोटाने ओढावयाचा.) नेम कितीही नीट धरला असला तरी चाप ओढताना पिस्तूल हलले की सारे व्यर्थ. आता पुढील आकड्यांची तुलना करावी. ऑलिंपिकमधील 25 मीटर स्पर्धेच्या पिस्तुलाचे वजन 1400 ग्रॅमपर्यंत चालते आणि त्याचा चाप किमान 1000 ग्रॅम ओढीचा असावा लागतो. दहा मीटरच्या हवाई पिस्तुलाचे वजन 1500 ग्रॅमपर्यंत, आणि चापाची किमान ओढ अवघी 500 ग्रॅम. म्हणजे या खेळाडूच्या बोटाला पिस्तुलाच्या वजनाहून कमी जोर लावून भागते. कमरेला लावावयाच्या लहान पिस्तुलाचे मात्र याच्या उलट. त्याचे वजन 600-700 ग्रॅम, आणि अपघाताने उडू नये म्हणून चापाची ओढ अडीच-तीन किलोची. आपल्या वजनाच्या चौपट जोराने ओढली जाणारी वस्तू हवेत स्थिर ठेवावयाची, ही काय सोपी गोष्ट झाली? लहान पिस्तुलाच्या अचूकपणाचे मर्म कोणी एका वाक्यात विचारले, तर चापाची ओढ आणि शस्त्राचे वजन यांचे प्रमाण, असेच मी सांगेन. ओढ हलकी करून चालत नाही, कारण धावपळीत, झटापटीत शस्त्र सुरक्षित राहिले पाहिजे. ती सरळ, गुळगुळीत आणि प्रत्येक वेळी सारखी असावी, एवढे मात्र कारखानदाराकडून मागता येते.

2014 साली कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे .32 चे रिव्हॉल्वर बाजारात आणले, ते या दृष्टीने आठवण्याजोगे आहे. दिल्लीतील 2012 च्या अमानुष घटनेनंतर स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, आणि त्याचे मोठे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले ते त्याचे सुमारे 500 ग्रॅम वजन. पर्समध्ये मावेल एवढे हलके, म्हणून स्त्रीला सोयीचे! हेतूबद्दल वाद नाही. परंतु रिव्हॉल्वरचा चाप हातोडी न उचलता ओढावयाचा तर तो पिस्तुलाहूनही जड असतो, आणि शस्त्र जितके हलके तितके ते ओढीसरशी डगमगते. बाळगण्याची सोय आणि नेम धरण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, किंबहुना पुष्कळदा त्या एकमेकींच्या वैरिणी आहेत, हे त्या जाहिरातीत कोठेच नव्हते. स्त्रीला हलके शस्त्र द्यावे ही कल्पना स्त्रीविषयी अधिक सांगते, शस्त्राविषयी कमी.

स्त्रियांच्या सोयीचा खराखुरा प्रश्न मुठीचा आहे. महाराष्ट्राच्या पोलीस दलात महिलांना 30 टक्के आरक्षण आहे आणि भंडाऱ्याच्या रस्त्यांवर धावणाऱ्यांत मुलींची संख्या लक्षणीय आहे. दलाच्या वापरातील 9 मिलिमीटरचे जुने पिस्तूल हे 1935 च्या ब्राउनिंग नमुन्यावर बेतलेले, इच्छापूरच्या कारखान्यातून निघालेले. तेरा काडतुसे दोन ओळींत सामावणारे मॅगझिन मुठीतच असल्याने मूठ रुंद होते. लहान हाताचे बोट चापावर जेमतेम पोहोचते आणि मग चाप सरळ मागे न येता तिरपा ओढला जातो. गोळी डावीकडे वा उजवीकडे जाते, आणि शिक्का बसतो तो ‘बाईला जमत नाही’ असा. मूठ तळहातात भरगच्च बसली पाहिजे, हात नळीच्या शक्य तितका जवळ पाहिजे, करंगळीला टेकावयास जागा पाहिजे. फार आखूड पिस्तुलात करंगळी हवेत लोंबकळते आणि पकडीचा मोठा हिस्सा तिच्याबरोबर निघून जातो. ऑलिंपिक नेमबाज आपली लाकडी मूठ स्वतःच्या तळव्याच्या खाचाखोचांनुसार तासून घेतो. एवढे लाड सरकारी शस्त्राचे करता येणार नाहीत; पण मुठीच्या पाठीमागचा तुकडा बदलून ती लहानमोठी करण्याची सोय असलेली पिस्तुले गेली अनेक वर्षे जगात मिळत आहेत. खरेदीच्या निविदेत गोळीच्या व्यासाबरोबर हाताच्या मापाचाही विचार व्हावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

यानंतर धक्क्याची गोष्ट. पिस्तूल उडाल्यावर नळी वर उसळते म्हणून नेम चुकतो, असे पहिल्यांदा पिस्तूल हाती घेणारा प्रत्येकजण सांगतो. ते खरे नाही. चाप ओढून काडतूस पेटल्यावर गोळी नळीबाहेर पडावयास सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही; हात उसळतो तो बहुतांशी त्यानंतर. नेम चुकतो तो धक्क्याने नव्हे, धक्क्याच्या भीतीने. धमाका होणार या धास्तीने मनगट क्षणभर आधीच खाली दबते आणि गोळी जमिनीकडे जाते. भीती मात्र शस्त्राच्या बांधणीने कमी करता येते. जड पिस्तूल कमी उसळते. 7.65 मिलिमीटरच्या गोळीचा आवेग 9 मिलिमीटरच्या साधारण निम्मा, म्हणून ती हाताला सुसह्य होते. जॉन ब्राउनिंग याने 1900 सालच्या आपल्या लहान पिस्तुलात धक्का झेलणारी स्प्रिंग नळीच्या वर बसविली होती. त्यामुळे नळी मुठीच्या अगदी जवळ आली आणि उसळीही कमी झाली. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या युक्तीमागचा विचार आजच्या पिस्तुलांतही वेगवेगळ्या रूपांनी दिसतो. यंत्रशास्त्रात जुने ते सारेच टाकाऊ नसते.

काडतुसांचा विषय निघाला की भंडारेकराला जवाहरनगर आठवावे, हे स्वाभाविक आहे. गेल्या शतकाच्या साठच्या दशकात उभ्या राहिलेल्या तेथील आयुध निर्माणीत बंदुकांपासून तोफांपर्यंत लागणारी प्रक्षेपक दारू तयार होते. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या गावाच्या शेजारी पितळी काडतुसांत भरावयाच्या दारूचा कारखाना यावा, हा योगायोग गमतीचा. पिस्तुलाच्या एका काडतुसात ही दारू पुरती अर्धा ग्रॅमही नसते, चिमूटभरच. ती प्रत्येक काडतुसात सारखी आणि सारख्या वेगाने जळणारी असावी, यासाठी केवढी दक्षता घ्यावी लागते हे त्या वसाहतीत राहणारे जाणतात. त्या दक्षतेतही धोका किती असतो, हे 2025 च्या जानेवारीतील स्फोटाने जिल्ह्याला दाखवून दिले. कामावर गेलेली माणसे त्या दिवशी घरी परतली नाहीत. पण प्रस्तुत विषयापुरते प्रामाणिकपणे सांगावयाचे, तर पंधरा मीटरवर दारूच्या मापातील किंचित फरकाने गोळी बोटभरही ढळत नाही. तेव्हा नेम चुकला म्हणून काडतुसाला बोल लावण्याची सोय नाही.

उरतो तो सराव. महाविद्यालयात असताना एनसीसीच्या शिबिरात आमचे उस्ताद रिकाम्या .22 रायफलीच्या नळीवर नाणे ठेवून चाप ओढावयास लावीत. नाणे पडले की पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळी तो छळ वाटे. पुढे नागपूरला एका स्नेह्याच्या आग्रहावरून हवाई पिस्तूल हाती घेतले, तेव्हा पहिल्या दहा छर्र्यांपैकी चार कागदालाही शिवले नाहीत आणि त्या नाण्याची किंमत कळली. पिस्तुलाच्या शिक्षणातही हीच रीत आहे. रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घेतलेल्या शस्त्राने, काडतुसे त्या खोलीत नसताना, रोज पंधरा मिनिटे चाप ओढावा. माशी जागची हलता कामा नये. मग खऱ्या काडतुसांत शिक्षकाने गुपचूप एखादे पोकळ काडतूस मिसळावे. ते आले की धमाका होत नाही, पण भ्यालेले मनगट खाली दबलेले सर्वांना दिसते. विद्यार्थ्याचा अहंकार आणि भीती, दोन्हींवर याहून स्वस्त औषध नाही.

कोरडा सराव फुकट असतो. परंतु त्यावरच भागत नाही. शेवटी खरी काडतुसे खर्च व्हावीच लागतात, आणि हिशेबाच्या वहीत सर्वांत आधी कात्री लागते ती याच खर्चाला. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीच्या चौकशीत, शीघ्र कृती दलासारख्या पथकालाही काडतुसांच्या तुटवड्यामुळे कित्येक महिने गोळीबाराचा सराव मिळाला नव्हता, असे पुढे आले. मुंबईतील निवडक पथकाची ही स्थिती, तर जिल्ह्याच्या ठिकाणी काय कल्पावे? त्यानंतर शस्त्रे आली, वाहने आली. नवी पिस्तुले कॅमेऱ्यासमोर मांडता येतात. झाडून संपलेल्या काडतुसांचे छायाचित्र कोण काढणार? माझे म्हणणे इतकेच की, एखादे पिस्तूल खरेदी करताना त्याच्या आयुष्यभराच्या सरावाची काडतुसे त्याच्याच किमतीत धरावीत. ज्यास तेवढी देणे परवडत नाही त्याने पिस्तूलही देऊ नये.

मुलांच्या मनात शस्त्राचे आकर्षण कशाला निर्माण करावयाचे, असा आक्षेप यावर एखादे शिक्षक घेतील. तो मला तुच्छ वाटत नाही. पण आकर्षण चित्रपटांनी आधीच निर्माण केले आहे. त्याला शिस्त लावणारे काही आपण दिलेले नाही. नेमबाजी ही शिस्त आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई क्रीडास्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले; आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला रायफलीत कांस्यपदक जिंकले. कोल्हापूरच्या पाण्यात काही वेगळे आहे असे मानण्याचे कारण नाही. वैनगंगेचे पाणीही वाईट नाही. फरक आहे तो लहानपणी हाती येणाऱ्या साधनांचा आणि वाट दाखविणाऱ्या माणसांचा. हंगेरीचे करोली टाकाच यांचा उजवा हात 1938 मध्ये बॉम्बगोळ्याने निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताला शिकविले आणि 1948 व 1952 च्या ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाचे सुवर्णपदक घेतले. हात असा घडविता येतो.

सुरुवातीला फार काही लागतही नाही. दहा मीटर म्हणजे शाळेची एखादी लांब पडवी. मागे जाड लाकडी फळ्यांची व लोखंडी पत्र्याची भिंत, सतरा सेंटिमीटरचा चौकोनी कागद, त्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे, आणि साडेचार मिलिमीटरच्या छर्र्यांची दोन-तीन पिस्तुले. जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयाने अशी एक जागा उभारून सकाळी ती आपल्या शिपायांना आणि सायंकाळी, देखरेखीखाली, शाळा-महाविद्यालयांच्या मुलांना दिली, तर एकाच भिंतीवर दोघांचाही हात घडेल. छर्रा काडतुसाच्या मानाने कितीतरी स्वस्त पडतो, आणि चाप ओढावयाचा धडा दोहोंत एकच आहे. पहाटे महामार्गालगत धावणाऱ्या मुलींपैकी चौघीजणी 800 मीटरनंतर दम खाऊन त्या पडवीत शिरल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांचे निम्मे छर्रे कागदाबाहेर गेले, तरी ते पाहून कोणी हसण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाचेही तसेच गेले होते.